चारीवरची आमची पाळी

दिवसभरात माझ्या तोंडून सगळ्यांत जास्त वेळा निघणारा शब्द म्हणजे पाळी. सावेडीतल्या एका खासगी दवाखान्यात मी इन्चार्ज सिस्टर आहे. कोणती मुलगी कोणत्या पाळीला येणार याचा महिन्याचा तक्ता मी लावते, आणि तो भिंतीवर चिकटवून होतो न होतो तोच कुणीतरी दारात उभी असते. "सिस्टर, माझी रात्रपाळी बदला ना, सासूबाई आल्यात." "सिस्टर, सगळ्या दुपारपाळ्या मलाच का?" ज्यांचं कारण खरं असतं त्यांचं मी ऐकते. बाकीच्यांना चहा पाजते आणि परत पाठवते.

तक्ता झाला की ओपीडी. तिथे टेबलाशी येणाऱ्या प्रत्येक बाईला माझा पहिला प्रश्न असतो, "शेवटची पाळी कधी आली?" तारीख सांगणाऱ्या थोड्या. बाकीच्यांची दिनदर्शिका वेगळी असते. "कांदा काढत हुतो तवा." "जाऊबाईच्या डोहाळजेवनात अडचन झाल्ती, तवाची." त्यावरून मी तारीख काढते. पण उत्तर कोणतंही असो, ते येतं कुजबुजत. बाई पुढे झुकते, पदर तोंडाशी नेते, आणि शेजारी बसलेला नवरा पंख्याकडे बघायला लागतो. हाच नवरा थोड्या वेळापूर्वी बाहेर नंबर लागत नाही म्हणून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडत असतो, "आमची पाळी यायची तरी कवा?"

लग्नसराईच्या तोंडावर तिसरीच पाळी येते, कानाची. जड झुबे, त्यांच्या साखळ्या, वर्षानुवर्षांचं ओझं. भोक लांबत जातं आणि एक दिवस पाळीचे दोन भाग होतात. डॉक्टर टाके घालतात, मी दिवा धरते. या पाळीबद्दल बायका भरभरून बोलतात. कुणाच्या लग्नात झुबे केले, किती तोळ्यांचे होते, कुणी ओढले. माझ्या आईची डाव्या कानाची पाळी अशीच फाटलेली आहे. धाकटी बहीण तान्ही असताना तिने झुबा ओढला होता. दोन टाक्यांचं काम आहे, असं आईला कितीदा सांगितलं. ती म्हणते, "आता ह्या कानात काय घालायचंय?"

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची असते, औषधांची असते, कुणाला काय सांगायचं राहिलंय याचीही असते. एकदा बसमध्ये बसल्या बसल्या मी या शब्दाचीच यादी केली आणि माहेरच्या फाट्यावर उतरेपर्यंत ती पुरली. आमचं गाव श्रीगोंद्याकडचं. तिथे वडील पेरणीआधी रानात कुळवाच्या पाळ्या घालायचे, एक उभी आणि एक आडवी. कारखान्याची पाळी सुटली की भोंगा व्हायचा, आणि घरातलं कुणीही कारखान्यात नसताना त्या भोंग्यावर आमच्या घरी भाकरी थापायला सुरुवात व्हायची. सगळ्यांत मोठी पाळी कालव्याच्या पाण्याची. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी कालव्याच्या लहान फाट्याला, म्हणजे चारीला येतं आणि चारीवरच्या शेतकऱ्यांना ओळीने मिळतं. शेजपाळी म्हणतात तिला. सुरुवात शेपटाकडून, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या रानापासून. मग एकेक रान करत पाळी माथ्याकडे सरकते. ज्याच्या रानाला जेवढा वेळ ठरलेला, तेवढा वेळ पाणी त्याचं. वेळ संपला की पुढच्याची पाळी. कुणी जेवायला गेलं होतं, कुणी झोपलं होतं, याच्याशी पाण्याला देणंघेणं नसतं.

वडील गेले तेव्हा या शब्दाचा आणखी एक अर्थ घरात आला. भेटायला आलेल्या बायका ओट्यावर बसून म्हणाल्या, "काय पाळी आली बिचारीवर." एवढ्या अर्थांत हा एकच मला चीड आणतो. कारखान्यातली, दवाखान्यातली, चारीवरची पाळी माणूस मागून घेतो, भांडून घेतो. ही मात्र डोक्यावर येऊन पडते आणि तुम्ही मान खाली घालून बसायचं असतं.

आई मान खाली घालणारी नव्हती, पण एका ठिकाणी तिचं काही चालेना. ती जागा म्हणजे चारी.

आमच्या चारीवर एक रीत आहे. पाळी लागली की रानाच्या मालकाने बाऱ्यावर, म्हणजे चारीतून रानात पाणी घ्यायच्या तोंडाशी, नारळ फोडायचा आणि मग तिथलं लोखंडी दार उचलायचं. नारळ फुटल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. बाईमाणसाने नारळ फोडायचा नाही, विधवेने तर नाहीच. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. वडिलांच्या मागे नारळ फोडायचं काम आपोआप तात्यांकडे गेलं. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आमचे बांधकरी. त्यांचं रान आमच्या वरच्या अंगाला, त्यामुळे चारीवर आमच्या पाठोपाठ पाळी त्यांची.

उन्हाळ्याआधीच्या आवर्तनात आमची पाळी लागली तेव्हा आई नारळ घेऊन बाऱ्यावर बसली होती. तात्या येतो म्हणाले आणि एका साखरपुड्याला गेले. आई उन्हात बसून राहिली. वाटेने जाणाऱ्या दोघा-तिघांना तिने विनवलं. ते म्हणाले, तात्यांचा मान आहे, आम्ही कशाला मधे पडू. तात्या आले तेव्हा आमचा वेळ संपत आला होता. "इसरलोच की वहिनी," ते म्हणाले, आणि त्यांनी नारळ फोडला, तो स्वतःच्या बाऱ्यावर. पाणी त्यांच्या उसात गेलं. आमच्या लिंबोणीच्या दोन ओळीसुद्धा भिजल्या नाहीत. पुढे बोअरनेही मान टाकली आणि बागेची पानं वळायला लागली. वडिलांनी स्वतःच्या हाताने लावलेली झाडं ती. उन्हाळी आवर्तनाचं पाणी चुकलं असतं तर ती सरपणाला गेली असती.

उन्हाळी आवर्तनाची पाळी कळली तसा मी माझाच तक्ता बदलला आणि रजा टाकली. नवरा बँकेत आहे. तो म्हणाला, "मी येतो. नारळ फोडतो, दार उचलतो, विषय संपला."

"आणि पुढच्या आवर्तनाला?"

"तेव्हाही येईन."

"आणि तुमच्या रजा बंद असतील तेव्हा? आईने पुन्हा तात्यांची वाट बघायची?"

त्याने बोटांवर उरलेल्या रजा मोजल्या. मग म्हणाला, "निदान दुपारी डबा घेऊन येतो."

"डबा चालेल," मी म्हणाले.

मी आदल्या दिवशीच गावी पोहोचले. बाऱ्याच्या दाराला तेल घातलं, खोऱ्याचा दांडा ठोकून घेतला, दुकानातून नारळ आणला आणि तो हलवून पाणी आहे ना हे बघितलं. सगळं यादीप्रमाणे झालं. सकाळी उठले आणि यादीत नसलेली गोष्ट कळली. चार महिने मला पाळी आली नव्हती. वय बघता तो विषय संपला असं मी धरून चालले होते. पिशवीत पॅड होतं, कारण माझ्या पिशवीत सगळंच असतं. न्हाणीतून बाहेर आले आणि चहा करत असलेल्या आईला सांगितलं.

तिचा हात थांबला. "आजच?"

"आजच."

"मंग तू घरी थांब. बागंला गळ लागंल."

ही आईची आयुष्यभराची रीत. महिन्याचे चार दिवस ती लिंबोणीत पाऊल टाकायची नाही. बांधाच्या अलीकडे उभी राहून वडिलांना हाक मारायची, भाकरीचं फडकं बांधावर ठेवून मागे फिरायची. आम्हा बहिणींनाही तेच लावलेलं. लिंबोणीला विटाळ चालत नाही, फुलं-फळं गळून पडतात, हे तिने तिच्या सासूकडून घेतलं होतं आणि कधी मोडलं नव्हतं.

"आई, असल्या दिवसांत मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभी असते. तिथे कुणी विचारत नाही."

"तुझ्या दवाखान्याला फुलं येत्यात का?"

मी हसले. ती हसली नाही.

"बरं, मागच्या वेळी बागेत कुणाचा विटाळ होता?" मी विचारलं. "तुझा तर नव्हता. मी इथे नव्हते. तरी गळ लागलीच ना? पाणी नव्हतं म्हणून लागली."

आईने चहा गाळला, माझा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "तू बाऱ्यावर हुबी ऱ्हा. बागंत मी जाईन. आन् भावजींना ह्यातलं काय बोलू नको."

"तात्यांनी विचारलं नाही तर बोलणार नाही," मी म्हणाले.

आम्ही बाऱ्यावर पोहोचलो तेव्हा तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. माथ्याकडच्या रानांतले दोघे-तिघे त्यांच्याशेजारी होते. आपली पाळी कधी येते याचा अंदाज घ्यायला आलेले. पाटकरी, म्हणजे चारीवर पाणी वाटून देणारा सरकारी माणूस, मोटारसायकल लावून घड्याळ बघत होता.

"आली का सिस्टर," तात्या म्हणाले. "लिंबोनीला सलाईन लावायचंय का काय?"

"लावावंच लागेल तात्या. मागच्या वेळी तुम्ही बाटलीच पळवलीत."

बाकीचे हसले. तात्याही हसले, पण जरा उशिरा.

"जावईबापू कुठंयत?"

"दुपारी येतायत. डबा घेऊन."

"डबा घिऊन? आन् नारळ कोन फोडनार?"

"मी."

तात्यांनी तंबाखूवर थाप मारली. "बाईमानसानं नारळ फोडत न्हाईत पोरी. सांगा की वहिनी हिला. थांब, मीच फोडतो. एवढी तंबाखू हुं दे."

ती तंबाखू किती लांबते हे आईला पाठ होतं. मी पाटकऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तात्या, ह्यांचा टाइम लागला. मी लिवलाय. नारळाचं तुमचं तुमी बगा, त्यो माझ्या कामात येत न्हाई."

मी पिशवीतून नारळ काढला. तेव्हा तात्या उठले. जवळ आले आणि त्यांनी आवाज खाली आणला. तो आवाज माझ्या रोजच्या ऐकण्यातला. ओपीडीत बायका ज्या आवाजात बोलतात, तोच.

"फोडायचाच म्हन्तीस तर... पर एक इचारतो, राग मानू नको. तुझी काय अडचन-बिडचन न्हाई ना? पानी समद्यांचं हाय बाई. तुझ्या मागनं माझ्या उसाला जायचंय."

त्यांच्या हिशेबाने मी इथे लाजणार होते आणि नारळ त्यांच्या हातात देणार होते. किंवा मी "नाही" म्हणणार होते, आणि मग पुढच्या आवर्तनाला पुन्हा तोच प्रश्न. आई माझ्याकडे बघत होती. तिला "नाही"च हवं होतं. एका शब्दाचं काम होतं आणि पाणी सुरू झालं असतं. पण चार माणसांसमोर प्रश्न विचारायचा तो कुजबुजत, आणि उत्तरावर अडवायचं ते मोठ्याने, हे मला मान्य नव्हतं.

"आहे," मी म्हणाले. "आज सकाळीच पाळी आली. पहिला दिवस आहे."

ओपीडीत शेवटच्या बाकापर्यंत नाव पोहोचवायचा माझा एक आवाज आहे. त्याच आवाजात बोलले. एकाने खिशातून मोबाईल काढला. तिथे पंखा नव्हता, म्हणून दुसरा सुबाभळीकडे बघायला लागला. पाटकऱ्याने घड्याळाचा पट्टा घट्ट केला.

"काय बोलावं, कुठं बोलावं..." तात्या म्हणाले.

"तुम्ही विचारलंत तात्या."

"वहिनी, बगा बरं का आता! बाग तुमची हाय. उद्या झाडं वाळून बसली तर माझ्या नावानं रडू नका."

आई पुढे आली आणि तिने माझ्या हातातला नारळ काढून घेतला. मला वाटलं, संपलं. आता ती तो तात्यांना देणार. तिने पदर कमरेला खोचला, बाऱ्याच्या दगडाशी बसली आणि नारळ आपटला. पहिल्या वेळी तो नुसता निसटला. दुसऱ्या वेळी फुटला. पाणी दगडावरून तिच्या पायांवर आलं.

"भावजी," ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मागल्या बारीला मी सोवळ्या मानसाची वाट बगत हितंच बसल्ते. माझी पाळी तुमच्या उसात गेली. कसा हाय ऊस?"

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मोबाईल काढलेला माणूस मान वर न करता म्हणाला, "झ्याक हाय." बाकीचे फिस्सकन हसले.

"दार उचल गं," आई मला म्हणाली.

पेशंट उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, हे मी नव्या मुलींना शिकवते. तसेच वाकवले आणि दार उचललं. आधी पालापाचोळा आला, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, मग पाणी. दांडाने, म्हणजे रानातल्या मातीच्या पाटाने, ते बागेकडे निघालं आणि आई त्याच्या पुढे पुढे खोरं घेऊन चालू लागली, वडील चालायचे तशीच. मी ठरल्याप्रमाणे बांधावर उभी राहिले. तात्या पाटकऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

पाणी दांडाला लागलं की एका माणसाचं काम राहत नाही. एकाने आळी भरून घ्यायची, दुसऱ्याने दांड सांभाळायचा. आई झाडांच्या आळ्यांत पाणी वळवत खालच्या अंगाला गेली आणि वरच्या अंगाला दांड फुटला. पाणी मोकळ्या पडीक तुकड्यात पसरायला लागलं. मला दिसत होतं. मी बांधावरून ओरडले. आईने वळून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बगत काय हुबी ऱ्हायलीस? त्ये दुसरं खोरं घे आन् ये की हिकडं!"

"बागेत?"

"मंग पानी काय बांधावरनं वळनार हाय का तुझ्याच्यानं?"

मी चपला काढल्या आणि लिंबोणीत शिरले. एवढं वय झालं, पण त्या दिवसांत त्या झाडांखाली मी पहिल्यांदाच गेले होते. थांबून काही वाटून घ्यायला वेळ नव्हता. माती ओढून फुटलेलं तोंड बुजवलं, वर गवताचा गड्डा दाबला, तोवर आईने पुढच्या ओळीतून हाक मारली. दुपारी नवरा डबा घेऊन आला. त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत आई म्हणाली, "जावईबापू, तुमी बसा सावलीला." तो बसला नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दांडावर उभा राहिला आणि मी सांगेन तिथे माती टाकत राहिला. आमचा वेळ संपायच्या आत शेवटची ओळ भिजली.

तात्या त्यांच्या पाळीला अगदी वेळेवर हजर होते. त्यांनी त्यांच्या बाऱ्यावर एक नारळ फोडला, आणि मग आणखी एक. एक पाण्याचा, दुसरा बहुधा आमच्या विटाळाचा. पण रीत ती रीत. दोन्ही नारळांचा प्रसाद संध्याकाळी त्यांच्या सुनेबरोबर आमच्याकडे आला. दोन्ही खोबरी सारखीच गोड लागली. आईने उरलेल्याची चटणी केली.

पुढचे काही दिवस मी आईला फोनवर बागेचं विचारत नव्हते. ती सांगत नव्हती. तिच्या मनात काय चाललंय याचा मला अंदाज होता. झाडं वाळली असती तर चारीवर मी काय बोलले हेच कारण कायमचं ठरलं असतं, आणि त्या चारीवर पुन्हा कुठल्या बाईला उभं राहता आलं नसतं. शेवटी तिचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते, तरी उचलला.

"गळ लागली," ती म्हणाली.

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"वाटान्यावानी लिंबं पडल्यात खाली."

"खूप?"

"दरसाल पडत्यात तेवढीच. ऊन काय थोडं हाय का? वर लई टिकल्यात." मग एकदम कामाच्या आवाजात, "पुढली पाळी लागलीय. पाटकरी सांगून गेला."

"मी रजा टाकते."

"कशाला? नारळ आनून ठिवलाय मी. दाराला तेल घातलंय. जाऊबाईंची सून येते म्हनालीय दांडावर." जाऊबाई म्हणजे तात्यांची बायको. मी विचारलं, तात्यांना माहीत आहे का. "त्यांना कशाला माहीत पायजे? आमची पाळी हाय," आई म्हणाली. "तू फकस्त एक खोरं धाड. हे पार झिजलंय."

फोन ठेवला आणि यादीत लिहिलं, खोरं. समोर एक बाई येऊन बसली होती, शेजारी तिचा नवरा. मी पहिला प्रश्न विचारला. ती पुढे झुकली, पदर तोंडाशी नेला.

"मोठ्यानं सांगा," मी म्हणाले.

नवरा पंख्याकडे बघायला लागला. बघू दे.